दातांच्या दवाखान्यातलं 'नॅनो' : काय घ्यावं, काय विचारावं? (नागपूर)

संत्रानगरी | रविवार, रात्री ९:४०

मे महिन्यात खालच्या उजव्या दाढेतून सणक जायला लागली. बाहेर ४५ अंश, घरात माठ भरलेला, आणि मी पाणी डाव्या गालात धरून पिते आहे. एक दिवस कैरीचं पन्हं घेतलं तर कळ थेट कानापर्यंत गेली. शेवटी दवाखाना गाठला. हिरड्या थोड्या खाली सरकल्यामुळे मुळं उघडी पडली आहेत आणि वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी कडेनं सुटली आहे, असं निदान झालं. चांदी काढून तिथं 'नॅनो कंपोझिट' भरायचं आणि रोज 'नॅनो हायड्रॉक्सिॲपेटाइट'ची पेस्ट वापरायची, असा सल्ला मिळाला. नॅनो म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर उत्तर आलं, "ताई, लेटेस्ट आहे."

मी २६ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एवढ्या उत्तरावर तोंड उघडून बसणं मला जमेना, म्हणून तीन आठवडे वाचत होते. जे कळलं ते लिहिते. चुकलं तर दुरुस्त करा, आणि ज्यांनी हे उपचार घेतलेत त्यांनी अनुभव सांगा.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८०,००० ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. १०० नॅनोमीटरच्या आतले कण त्याच पदार्थाच्या मोठ्या तुकड्यापेक्षा वेगळे वागतात, कारण वजनाच्या मानानं त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो. फळ्यावर मी हे खडूनं दाखवायची. अख्खा खडू पाण्यात टाका आणि चुरा करून टाका, फरक लगेच दिसतो. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ च्या भाषणात ही कल्पना मांडली होती, पण हे नाव तेव्हा नव्हतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की दात स्वतःच नॅनो आहे. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक. या स्फटिकांची रुंदी शंभर नॅनोमीटरच्या आतच असते. हाड मोडलं तर जुळतं, पण एनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसतात, त्यामुळे एकदा गेलेलं एनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ५.५ च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं, आणि लाळेतलं कॅल्शियम थोडंफार परत बसतं. दिवसभर ही देवाणघेवाण चालू असते. गोड खाल्लं, कीड लावणाऱ्या जंतूंनी त्याचं आम्ल केलं, की पारडं एका बाजूला झुकतं.

मग दातात असतात त्याच आकाराचे, त्याच पदार्थाचे कण पेस्टमधून दिले तर? जपानमध्ये सांगी नावाच्या कंपनीनं नेमकं हेच केलं. अंतराळवीरांच्या दात-हाडांसाठी नासामध्ये झालेल्या संशोधनातून त्यांना ही दिशा मिळाली. १९८० मध्ये त्यांची पहिली पेस्ट आली, आणि १९९३ मध्ये जपान सरकारनं या घटकाला कीडप्रतिबंधक म्हणून मान्यता दिली. म्हणजे आपल्याकडे 'लेटेस्ट' म्हणून सांगितली जाणारी ही पेस्ट चाळीस वर्षांहून जुनी आहे! हे कळल्यावर मला उलट थोडा धीर आला.

माझे प्रश्न: (१) फिलिंगला नॅनोमुळे खरंच फरक पडतो का? (२) ही पेस्ट नेहमीच्या पेस्टमधल्या कीड रोखणाऱ्या फ्लोराइडची जागा घेऊ शकते का? (३) हे कण पोटात गेले तर?

---

खामला_दंत | रविवार, रात्री ११:०५

ताई, धागा फार चांगला काढलात. मी व्यवसायानं दंतवैद्य. मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकलो, आता स्वतःचा लहान दवाखाना आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण पेशंटला हे कुणी नीट सांगत नाही.

कंपोझिट म्हणजे राळेसारखा द्रव आणि त्यात मिसळलेले काचेचे बारीक कण. निळा प्रकाश टाकला की द्रव घट्ट होतो. सुरुवातीच्या कंपोझिटमध्ये कण १० ते ५० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे भरड. वर्षभर चावल्यावर मधली राळ झिजायची, कण वर उभे राहायचे, पृष्ठभाग खरखरीत व्हायचा आणि चहाचे डाग धरायचे. मग ४० नॅनोमीटरचे कण वापरून पाहिले. चकाकी सुरेख आली, पण एवढे बारीक कण राळेत जास्त प्रमाणात मावेनात, त्यामुळे ताकद कमी पडली. दाढेला ते चालत नव्हतं.

आताच्या नॅनो कंपोझिटमध्ये सुटे नॅनोकण असतात आणि त्याच नॅनोकणांचे मायक्रॉनभर आकाराचे घोसही असतात. घोसामुळे भरण दाट होतं. झिजताना अख्खा घोस न निघता त्यातले कण एकेक करून निघतात, म्हणून चकाकी टिकते. आणखी एक गोष्ट. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. कण त्याहून बरेच लहान असले की प्रकाश विखुरत नाही, आरपार जातो. पटाशीच्या दाताच्या टोकाला जी पारदर्शक झाक असते, ती म्हणून जुळवता येते. हा फायदा खरा आहे, मी रोज बघतो.

पण दाढेतलं फिलिंग नॅनो असल्यामुळे जास्त वर्षं टिकतं, असं मी पेशंटला सांगत नाही. चांगल्या हायब्रिड, म्हणजे लहान-मोठे कण मिसळलेल्या कंपोझिटशी तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये टिकण्यात ठळक फरक दिसलेला नाही. फिलिंग निकामी होतं ते बहुतेक कडेनं. घट्ट होताना राळ आकसते आणि हे आकसणं नॅनोकणांनी थांबत नाही. म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर देत भरावं लागतं. जागा कोरडी लागते, लाळेचा एक थेंब सगळी मेहनत घालवतो. माझ्या मते ताई, पुढच्या भेटीत 'नॅनो आहे का' यापेक्षा 'रबर डॅम लावणार का' हे विचारा. दाताभोवती ताणून बसवतात ती रबराची चादर. तिला वेळ लागतो, पण भरण जमण्या-न जमण्यात तिचा वाटा मोठा असतो.

चांदीबद्दल: त्या मिश्रणात पारा असतो. पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार जगभर त्याचा वापर कमी होत चालला आहे, आणि युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून तो जवळपास बंदच केला. याचा अर्थ घट्ट बसलेली जुनी चांदी उगाच उकरून काढावी, असा होत नाही. तुमची कडेनं सुटली आहे, म्हणून काढणं बरोबर.

---

इतवारीवाले | सोमवार, सकाळी ७:१५

डॉक्टर, तुमचं पटलं. पण मला तर हा सगळा दुकानदारीचा प्रकार वाटून राहिला. आमचे वडील बाभळीची काडी चावत होते, ऐंशीव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस दात. तेव्हा कुठं होतं नॅनो?

---

खामला_दंत | सोमवार, सकाळी ८:५०

काका, तुमच्या वडिलांच्या ताटात बिस्किटं, थंड पेयं आणि दिवसातून चारदा गोड चहा नसणार. काडी चावताना दात घासले जात, हिरड्यांना व्यायाम होई, हे मान्यच. पण त्याच पिढीत पन्नाशीत कवळी लावणारेही पुष्कळ होते. ते आपल्या आठवणीत राहत नाहीत. दुकानदारीची तुमची शंका मात्र रास्त आहे, तिच्यावर बोलायलाच हवं.

---

आर्णीची_लेक | सोमवार, दुपारी १:२०

मी आता नागपुरात मानेवाड्याला राहते, माहेर यवतमाळ जिल्ह्यात. आमच्या गावातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. आम्ही फोटो काढताना तोंड मिटून हसायचो. लग्नाचे फोटो बघते तर एकातही माझे दात दिसत नाहीत. आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे, उन्हाळ्यात दोन महिने आजोळी असते. माझी आई म्हणते, पाण्यात आधीच फ्लोराइड, वर पेस्टमध्ये कशाला? म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून हवं आहे. बिनफ्लोराइडची नॅनो पेस्ट आमच्यासारख्यांसाठी योग्य आहे का?

---

संत्रानगरी | सोमवार, दुपारी ३:००

लेकी, तुझा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. शाळेत अशा मुली मी पाहिल्या आहेत, हाताचा पंजा तोंडावर धरून उत्तर देणाऱ्या.

एक माहिती इथं द्यावीशी वाटते. पाण्यातलं फ्लोराइड काढायची 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या नीरीनंच, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, विकसित केली. तुरटी आणि चुना वापरून घरच्या बादलीतसुद्धा ती करता येते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. गावच्या बोअरचं पाणी तपासून घेतलं का?

---

खामला_दंत | सोमवार, रात्री १०:१०

आर्णीच्या ताई, आधी एक गाठ सोडवतो. दातांवरचे पट्टे पडतात ते हिरडीच्या आत दात घडत असताना, पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे. कायमच्या दातांसाठी हा काळ जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंतचा. पेस्टमधलं फ्लोराइड काम करतं ते वरून, दाताच्या पृष्ठभागावर. थुंकलं तर त्याचा पट्ट्यांशी संबंध नाही, गिळलं तर आहे. तुमच्या मुलीचं वय नेमकं या काळातलं आहे, म्हणून आजोळचं पिण्याचं पाणी बदलणं हा पहिला उपाय. त्याला पर्याय नाही. पेस्ट वाटाण्याएवढी घ्या आणि थुंकताना तुम्ही समोर उभ्या राहा.

आता नॅनो पेस्ट. फ्लोराइड दाताच्या खनिजात शिरून त्याला आम्लापुढे जास्त टिकाऊ करतं, त्यामागे दशकानुदशकांचा पुरावा आहे. हायड्रॉक्सिॲपेटाइटचे कण नव्यानं खरखरीत झालेल्या जागी चिकटतात, सूक्ष्म खड्डे भरतात, आणि आम्ल आलं की स्वतः विरघळून कॅल्शियम-फॉस्फेट पुरवतात. पोलंडमध्ये प्रौढांवर १८ महिन्यांची चाचणी झाली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. १० टक्के हायड्रॉक्सिॲपेटाइटची पेस्ट कीड रोखण्यात फ्लोराइड पेस्टपेक्षा कमी ठरली नाही. निकाल आशादायक आहे. पण संशोधकांमध्ये पेस्ट बनवणाऱ्या कंपनीचे लोकही होते, त्यामुळे स्वतंत्र चाचण्या मी अजून बघत राहीन. फ्लोराइडबहुल गावातल्या, गिळण्याची सवय असलेल्या लहान मुलासाठी मी ही पेस्ट सुचवतो. ज्याच्या तोंडात पाच दाढा किडल्या आहेत आणि जो नळाचं पाणी पितो, त्याला मी फ्लोराइड सोडायला सांगत नाही.

आणि ताई, तुमचे पट्टे आजही हलके होऊ शकतात. वरचा अगदी पातळ थर घासून, किंवा आतल्या सच्छिद्र भागात पातळ राळ मुरवून. तोंड मिटून हसायची गरज राहणार नाही. सवडीनं दाखवायला या, कुठल्याही चांगल्या दवाखान्यात. शासकीय दंत महाविद्यालयात गेलात तरी चालेल.

---

आर्णीची_लेक | सोमवार, रात्री १०:३२

डॉक्टर, मनापासून आभार. पाणी तपासलेलं नाही. दादाला उद्याच सांगते.

---

कणाद | मंगळवार, पहाटे ५:४५

मी पदार्थविज्ञानात काम करतो, नॅनोकण बनवणं आणि मोजणं हेच रोजचं. तिसरा प्रश्न माझ्या वाटचा. 'नॅनो चांगलं की वाईट' हा प्रश्न 'पावडर चांगली की वाईट' असा आहे. कोणता पदार्थ, किती आकार, कोणती घडण आणि शेवटी जातो कुठं, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

घडणीचं उदाहरण देतो. युरोपीय संघाच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीनं हायड्रॉक्सिॲपेटाइट तपासलं तेव्हा सुईच्या आकाराच्या नॅनोकणांना नकार दिला, ते विषारी ठरण्याची शक्यता दिसली म्हणून. आखूड दांडीच्या आकाराच्या कणांचा विचार वेगळा झाला. पदार्थ तोच, नाव तेच, घडण वेगळी. गिळलं गेलं तर पोटातल्या आम्लात हायड्रॉक्सिॲपेटाइट विरघळतं, उरतं कॅल्शियम आणि फॉस्फेट. म्हणून मला त्याची तुलनेनं कमी चिंता वाटते.

टायटॅनियम डायऑक्साइडचं तसं नाही. पेस्ट पांढरीशुभ्र दिसावी म्हणून ते घालतात. पाकिटावर ते 'सीआय ७७८९१' असंही लिहिलेलं असतं. त्याच्या पावडरीत काही कण नॅनो आकाराचे असतात आणि ते पोटात विरघळत नाहीत. मे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं म्हटलं की खाद्यपदार्थात ते सुरक्षित आहे असं आता मानता येणार नाही, आणि २०२२ मध्ये तिथं अन्नातून ते हद्दपार झालं. पेस्ट आपण खात नाही हे खरं. पण लहान मुलं खातात, आणि हा रंग दातासाठी काहीच करत नाही. माझ्या घरी मी तो नसलेली पेस्ट आणतो.

युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत नॅनो पदार्थाच्या नावापुढे कंसात 'नॅनो' लिहावंच लागतं, आणि पेस्ट त्यातच मोडते. आपल्याकडे उलट दिसतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'नॅनो', पण मागच्या यादीत कणाचा आकार, प्रमाण काहीच नाही. सीताबर्डीतल्या दोन दुकानांत मी पाच पाकिटं उलटून पाहिली. एकावर टक्केवारी होती.

चांदीचे नॅनोकण हा आणखी एक प्रकार. जंतू मारतात यात शंका नाही. लहान मुलांची कीड थांबवायला ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, पण किडलेला भाग काळाकुट्ट होतो आणि आई-बाप नको म्हणतात. ब्राझीलमध्ये संशोधकांनी चांदीचे नॅनोकण आणि फ्लोराइड एकत्र करून मुलांवर वापरून पाहिलं, तेव्हा दात काळे न पडता कीड थांबली. खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी हे मोलाचं ठरेल. पण हीच चांदी रोजच्या ब्रशमध्ये, माउथवॉशमध्ये घालायला माझा विरोध आहे. जंतूंना चांदीची सवय होऊ शकते, तोंडातले चांगले जंतूही मरतात, आणि बेसिनमधून ती वाहून जाते. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध झालेलं आपलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. चांदी बहुतेक गाळात बसते, आणि त्या गाळाचं पुढं काय होतं, हा प्रश्न शहरानं विचारायला हवा.

---

गोंदिया_लोकल | मंगळवार, दुपारी १२:०५

भाऊ, मी २९ वर्षांचा. सात वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाल्ला. आता तिखट लागलं की तोंडात आग होऊन राहते, आणि तोंड पूर्ण उघडत नाही. तीन बोटं उभी जात होती, आता दोनच जातात. मोबाइलवर एक जाहिरात आली, 'नॅनो हळदीनं तोंड उघडतं'. मागवू का?

---

खामला_दंत | मंगळवार, दुपारी १२:२५

दोन पेशंटच्या मधे लिहितो आहे. भाऊ, मागवू नका. आज-उद्या दंत महाविद्यालयात जाऊन तोंड दाखवा. तुम्ही सांगता ती लक्षणं सबम्यूकस फायब्रोसिसची वाटतात. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साचत जातात, गाल चामड्यासारखा कडक होतो. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तपासणी लांबवायची नाही.

हळदीबद्दल खरं काय ते सांगतो. हळदीतलं कर्क्युमिन या आजारात वापरून पाहिलं गेलं आहे. ते शरीरात फार कमी शोषलं जातं, म्हणून नॅनोकणांच्या रूपात देण्याचे प्रयोग चालू आहेत. संशोधनाची दिशा चांगली आहे. पण खर्रा चालू ठेवून वर कोणतंही नॅनो घेतलं तरी आजार पुढेच जातो. शिवाय तपासणी न करता घरी बाटली मागवली तर सहा महिने वाया जातात, आणि ते सहा महिनेच महत्त्वाचे असतात.

---

गोंदिया_लोकल | मंगळवार, दुपारी १:५०

घरी कोणाला सांगितलं नाही अजून. आई विचारते जेवण कमी काऊन झालं. उद्या सकाळी जातो.

---

इतवारीवाले | मंगळवार, दुपारी २:१०

बेटा, एकटा जाऊ नको. मी इतवारीत राहतो, मेडिकल चौकात येतो. सकाळी साडेआठला गेटजवळ भेट. केसपेपर काढायला मी रांगेत उभा राहतो. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवला आहे.

---

वर्धा_रोड | मंगळवार, रात्री ९:००

विषय थोडा बदलतो, संत्रानगरी ताईंनी अनुभव मागितले म्हणून. गेल्या वर्षी माझे दोन इम्प्लांट झाले. एक साधं आणि एक 'नॅनो सरफेस' असे दोन दर सांगितले होते, दुसरा बराच महाग. मी महागडं घेतलं. दोन्ही स्क्रू हाडात छान बसले, आता कडक भाकरीसुद्धा चावतो. पण नॅनोमुळे बसले का, हे मला आजही कळलेलं नाही.

---

कणाद | मंगळवार, रात्री ११:३०

एका माणसाच्या अनुभवावरून ते कळणारही नाही. टायटॅनियम आणि हाड एकजीव होतात हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर काम करताना दिसलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवलं. नॅनो पृष्ठभाग फार नंतर आला. हाडाच्या पेशींना अगदी गुळगुळीत जागेपेक्षा नॅनो पातळीवरची खाचखळगे असलेली जागा पकडायला सोपी जाते, त्यामुळे सुरुवातीचं जुळणं वेगानं होतं. हाड मऊ असेल तिथं याचा उपयोग जास्त. पण पुढं हिरडी खाली सरकून तीच खडबडीत जागा उघडी पडली, तर जंतूंनाही ती तितकीच सोयीची. त्यामुळे सफाईत हयगय नको. रक्तातली साखर आटोक्यात आणि तंबाखू बंद, या दोन गोष्टी दराच्या यादीत नसतात, पण इम्प्लांट टिकण्यात त्यांचा वाटा मोठा.

---

संत्रानगरी | बुधवार, सकाळी १०:१५

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर जे चाललं आहे ते वाचून मी दोन दिवस आनंदात होते. दाताच्या आतल्या थरात, डेंटिनमध्ये, १ ते २.५ मायक्रॉन व्यासाच्या असंख्य नळ्या असतात. मुळं उघडी पडली की या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. गार पाण्यानं आतला द्रव हलतो आणि नस ठणकते. स्वीडनच्या ब्रेन्स्ट्रॉम यांनी हे १९६० च्या दशकात मांडलं. म्हणजे माझी सणक एवढ्या बारीक पाइपातली आहे!

रूट कॅनाल करूनही काही वेळा जंतू याच नळ्यांत दडून बसतात, औषधाचं पाणी आतवर पोचत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी सिलिकाचे मळसूत्री नॅनोबॉट बनवले, त्यांवर लोखंडाचा मुलामा दिला, आणि बाहेरून सौम्य चुंबकीय क्षेत्र फिरवून ते या नळ्यांत २,००० मायक्रॉन खोल नेले. तिथं ते गरम करून जंतू मारायचे. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, काढलेल्या दातांवर केलेलं काम. २०२५ मध्ये त्याच गटानं संवेदनशील दातांसाठी ४०० नॅनोमीटरचे चुंबकीय कण तयार केले, कॅल्शियम सिलिकेटनं भरलेले. ते नळीत शिरून आपोआप एकमेकांना धरतात आणि बूच बनवतात. उंदरांवर वापरल्यावर, दात दुखरे असलेले उंदीर पुन्हा गार पाणी पिऊ लागले. माणसांवर व्हायला वेळ आहे, हे मला माहीत आहे. तरी माझ्या वर्गातली एखादी मुलगी उद्या असं काम करेल असं मनात येऊन गेलं.

---

खामला_दंत | बुधवार, रात्री ९:४५

तोपर्यंत तुमच्या सणकेसाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट किंवा ही हायड्रॉक्सिॲपेटाइटची, दोन्ही चालतील. पहिली नस शांत करते, दुसरी नळ्यांची तोंडं बुजवते. दोन-चार आठवडे नियमित वापरल्याशिवाय निकाल देऊ नका. मऊ ब्रश घ्या, आडवं रगडणं बंद. पन्हं प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लानं मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं. आधी साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा.

एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांसाठीही लिहितो. जुनं कंपोझिट घासताना जी धूळ उडते, तिच्यात नॅनो आकाराचे कण असतात, प्रयोगशाळेत ते मोजले गेले आहेत. पेशंट दहा मिनिटं बसतो. आम्ही आणि आमच्या सहायक मुली दिवसभर तिथंच असतो. पाण्याचा फवारा, जोरदार सक्शन, नीट बसणारा मास्क, उघडी खिडकी. मी गेल्या वर्षी खोलीत एक्झॉस्ट बसवला. पंधरा वर्षं आधीच बसवायला हवा होता.

---

आर्णीची_लेक | शुक्रवार, दुपारी ४:३०

दादानं बोअरचं पाणी तपासायला दिलं, अहवाल यायचा आहे. तोवर मुलीसाठी दुसरीकडून पाणी आणतात. आणि मी स्वतःसाठी सोमवारची वेळ घेतली आहे.

---

गोंदिया_लोकल | शुक्रवार, सायंकाळी ६:१०

काका खरंच आले होते. डॉक्टरांनी मोजलं, तोंड २६ मिलिमीटर उघडते. गालातला एक तुकडा तपासायला घेतला आहे. व्यायाम दिला आहे, आइसक्रीमच्या काड्या दातात धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. तिसरा दिवस आहे बिनखर्ऱ्याचा. आईला सांगितलं.

---

संत्रानगरी | शनिवार, सकाळी ११:२०

काल मी त्याच दवाखान्यात परत गेले. कणाद यांचे चार प्रश्न आणि डॉक्टरांचा रबर डॅम कागदावर लिहून नेला होता. डॉक्टर आधी थोडे थबकले, मग खुर्ची ओढून बसले आणि कंपोझिटच्या डब्यावरचं सगळं मला वाचून दाखवलं. रबर डॅम आहे, पण वेळ जास्त लागतो म्हणून एरवी लावत नाही, तुम्हाला लावतो, असं म्हणाले. थरांमध्ये भरलं, पाऊण तास लागला. पेस्ट मात्र मी दुसरी घेतली, टक्केवारी लिहिलेली आणि पांढरा रंग नसलेली.

आज सकाळी माठातलं पाणी उजव्या गालानं प्यायले. थोडं जाणवलं, पण हात गालावर गेला नाही. चार आठवड्यांनी पेस्टचं काय झालं ते इथंच लिहीन. गोंदियाच्या भावा, तुझा अहवाल आला की तूही लिही, आम्ही सगळे वाट पाहतो आहोत.